आबांची रीड
आबांनी मंगळवार पेठेतलं हार्मोनियमचं दुकान मला दिलं, पण ज्या पितळी रीडच्या सुरावर ते प्रत्येक पेटी जुळवायचे, ती धाकट्या भावाला, कृष्णातला. दहा वर्षं मी मोबाईलवर आकडा बघून, सगळ्या जगासारख्या चारशे चाळीस हर्ट्झला पेट्या जुळवल्या आणि जळत राहिलो. आज कृष्णातच रीड घेऊन आला. “दादा, कीबोर्डबरोबर माझ्या पेट्या जुळंनात. गिऱ्हाईक चारशे चाळीसच मागतंय. हिच्या मापाची, पण चारशे चाळीसची, एक नवी करून दे की.” तो चहा सांगायला गेला. मी रीड फुंकली. आबांचाच सूर आला, मोबाईलवर चारशे शेहेचाळीस. बुडाला खरवडलं की सूर उतरतो, पण गेलेलं पितळ परत येत नाही. मी कानस उचलली. कृष्णात आला. त्यानं फुंकून बघितली. “दादा, आबांचा सूर कुठाय?” “चहा घे,” मी म्हणालो. “आता आपल्या दोघांकडं सारखंच हाय.”