बदकाचा आवाज

बाबांच्या घशाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. आजारी पडण्याआधी त्यांनी एका व्हिडिओ गेममधल्या चक्रम बदक-गुप्तहेराला आवाज दिला होता. रविवारी दुपारी लेक तोच गेम खेळत बसली. बेकरीतला केक कोणी पळवला, हे शोधायचं होतं. तिनं पोस्टमनला पकडलं. "डोळे काय खिशात ठेवलेत? पुन्हा बघा!" बदक खेकसलं. तिनं शिंप्याला पकडलं. बदक पुन्हा खेकसलं. बाबा शेजारी येऊन बसले. मिशीला क्रीम लागलेला माळी समोरच उभा होता. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'माळी.' "माहितीये, बाबा," ती मान खाली घालून म्हणाली, "पण चोर सापडला की बदक गप्प होतं." बाबांनी पाटी पुसली, माउस हातात घेतला आणि पोस्टमनला पुन्हा पकडलं. बदक खेकसलं, तसे बाबांचे ओठही हलले.