तुरीतली सळसळ

धर्मपालचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नव्हता. पांढरकवड्याच्या जंगलाला लागून त्याचं शेत. वाटेतल्या मोहाच्या झाडावर हडळ राहते म्हणून अख्खं गाव वळसा घालून जायचं. हा मुद्दाम तिथंच बसून डबा खायचा.

त्या दिवशी बायकोसोबत शेतातून परतताना अंधारून आलं. मोहाजवळ पोचले, तोच बाजूच्या तुरीत सळसळ झाली. दोघं थांबले, तशी सळसळ थांबली. दोघं चालू लागले, तशी तीही चालू लागली.

"अवो, काय हाये थे?" प्रभावती कुजबुजली.

धर्मपालनं डोळे मिटून हात जोडले. "हडळच असू दे... हडळच असू दे..."

"आँ? तुमी तं भूत मानत नाही ना?"

"भूत नाही मानत वं. वाघ तं मानतो ना!"