मोकळं कपाळ

विहीणबाईंचा तोरा मला पहिल्यापासून डाचायचा, पण मुलीची आई म्हणून मी मान खाली घालत आले. त्या दिवशी मात्र त्यांनी हद्द केली. माझी रंभा पहिलटकरीण, पहाटेपासून कळा देत होती. जावयानं पिंपरीहून कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना जीपमधून आणलं, तर आत मूल आडवं आणि दारात विहीणबाई आडव्या: "कपाळ बघा हिचं, मोकळं हाय. नवरा गेलेल्या बाईचा हात बाळंतिणीला लागायचा न्हाई." जमलेल्या बायकाही माना डोलवू लागल्या. मी विहीणबाईंना दंडाला धरून बाजूला सारलं. "कुंकू काय मूल फिरवतंय व्हय? बाई, तुमी आत चला!" दिवेलागणीला नात रडली. रंभा चहा मागू लागली. मग मी विहीणबाईंना सगळ्यांदेखत सांगितलं, "बारशाला पाळण्याची पहिली दोरी डॉक्टरीणबाई ओढतील. तुमी मागं बसून पाळणा म्हणा, आन् नीट सुरात म्हणा!"