नादुरुस्त

तो मधल्या संडासात कमोडचं झाकण पाडून बसला होता. मांडीवरच्या कागदावर सह्यांच्या तिन्ही ओळी कोऱ्या होत्या.

बाहेर हॉलमध्ये कॉलेजचा संपर्क मेळावा रंगात आला होता. नियम सोपा होता. तीन अनोळखी व्यावसायिक गाठायचे, प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं, सही घ्यायची, पाचच्या आत कागद सरांच्या हातात द्यायचा. सह्या नाहीत तर इंटर्नशिप नाही. इंटर्नशिप नाही तर वर्ष गेलं. एक वर्ष याच कागदापायी आधीच गेलं होतं. अंगातला कोट भाऊजींचा होता. तो देताना ताई म्हणाली होती, "या वेळी रिकाम्या हातांनी आलास ना, तर उद्यापासून यांच्या दुकानात बसायचं. आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं. दिवसभर."

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. एक बाई त्याच्याकडे बघून हसल्या, म्हणून त्याने हात पुढे केला. त्या त्याच्या मागच्या माणसाकडे बघून हसत होत्या. निघालेला हात माघारी घेणं बरं दिसेना. मग त्याने तो शेजारच्या खांबावर टेकवला आणि तिथे तो पाच मिनिटं उभा राहिला. खांबाने सही दिली नाही.

सरांना विचारावं म्हटलं, तर सर सापडेनात. संपर्क कौशल्य हा विषय त्यांचाच. त्यांच्या सात नियमांपैकी सहा अख्ख्या वर्गाला पाठ. पण मेळाव्यात ज्याला विचारावं तो म्हणे, "सर ना? इथेच कुठेतरी आहेत." मागच्या वर्षीही ते इथेच कुठेतरी होते.

शेवटी तो पाय नेतील तिकडे गेला आणि पायांनी त्याला इथे आणलं. ओळीने तीन दारं. डावीकडच्यावर कागद चिकटवला होता : नादुरुस्त. खाली लाल शाईने मारलेल्या दोन रेघा. म्हणून तो मधल्यात शिरला. उजवीकडच्या फळीखालून तपकिरी बूट दिसत होते. वीस मिनिटं झाली, ते हलले नव्हते.

साडेचार वाजले. बूट हळूच म्हणाले, "कोण आहे?"

"विद्यार्थी."

"सहीवाला?"

"हो."

"बाबा रे, दया कर. सकाळपासून बावीस दिल्यात."

इतक्यात बाहेरचा स्पीकर खरखरला. "प्रमुख पाहुण्यांना विनंती, त्यांनी मंचावर यावं. विषय आहे, माणसं जोडावीत कशी."

तपकिरी बूट जमिनीवरून वर उचलले गेले.

"सर," तो फळीला म्हणाला, "ते तुम्ही का?"

"मी पंप बनवतो रे. पंपाशी बोलावं लागत नाही, म्हणून तर या धंद्यात पडलो. आता हे म्हणतात, माणसं जोड! सुरुवात काय करतात भाषणाची?"

"पहिला नियम, हसावं."

"आत बसून हसतोय मघापासून. चौथा नियम सांग, पाचवा सांग, काहीतरी उपयोगाचं सांग."

"चौथा, समोरच्याच्या कामाबद्दल विचारावं." मग त्याने तेच केलं. "आमच्या बिल्डिंगचा पंप सुरू होताना ढेकर देतो आणि मग पाणीच उचलत नाही. असं का होतं?"

उजवीकडे बूट खाली आले. मग टाकीच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा फूट व्हॉल्व्ह आला, हवा धरलेली पाइपलाइन आली, पंपांच्या सवयी आणि आजारपणं आली. तो विचारत गेला. खाली पाइपचा एखादा सांधा सुटला असावा आणि तिथून हवा शिरत असावी, हा अंदाज त्याने स्वतःच बांधला. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. एवढं तो घरातही कुणाशी सलग बोलला नव्हता.

"कागद सरकव," फळी म्हणाली. कागद खालून गेला आणि सही होऊन परत आला. सहीखाली कारखान्याचा पत्ता होता. "सोमवारी आठला ये. आमच्याकडे बोलायला कुणी नसतं. तुला आवडेल."

स्पीकर पुन्हा खरखरला. पाहुण्यांना विनंती, दुसऱ्यांदा.

"इंटर्नशिप नाही मिळायची सर," तो म्हणाला. "सह्या तीन लागतात. मला एकच मिळालीय. पंधरा मिनिटं उरलीत."

"आणि मला भाषण आहे. शेवटचा नियम काय म्हणतो?"

"सातवा? तो राहिला. तास संपला होता."

नळ ठिबकत होता.

"सातवा," डावीकडून आवाज आला, "संभाषण संपलं की निघावं. मुक्काम ठोकू नये."

तो ताठ झाला. मागच्या बाकापर्यंत न चुकता पोचणारा आवाज. नादुरुस्त दाराच्या आतून.

"सर? तुम्ही कधीपासून..."

"दहा वाजल्यापासून. पाहुण्यांना म्हणावं, भाषण पंपावरच करा, छान बोलता. आणि तुझा कागद इकडे दे."

कागद डाव्या फळीखालून गेला. पेन चाललेलं ऐकू आलं. परत आला तेव्हा उरलेल्या दोन ओळींवर मिळून एकच शेरा होता : एक संपर्क, अकरा मिनिटं. मंजूर. खाली लाल शाईच्या दोन रेघा.

उजवं दार उघडलं, मधलं उघडलं. दोघांनी हात धुतले आणि ओल्या हातांनीच एकमेकांचे हात धरले. ते बाहेर पडणार, तेवढ्यात मागून सरांनी हाक मारली.

"ऐक रे. कुणी माझी चौकशी केली, तर म्हणावं, इथेच कुठेतरी आहेत."