झोपवायची भाषा

"अरबी नको," नेस्टा इस्त्री आपटत म्हणाली. "माझ्या घरात जेत्यांच्या भाषेत मूल झोपायचं नाही."

जावयाच्या खांद्यावर पेंगुळलेलं बाळ त्या आवाजानं ताठ झालं आणि पुन्हा रडू लागलं.

"आई, मला माझ्या आईनं ह्याच भाषेत झोपवलं," बिशोय म्हणाला. "आम्ही इजिप्तचे कॉप्ट ख्रिस्ती. देवाशी जुन्या कॉप्टिक भाषेत बोलतो, घरी भांडतो अरबीत. शतकं झाली."

"तेच तर! सॅक्सनांनी आमची सुपीक जमीन घेतली, डोंगरात रेटलं, वर आम्हालाच परके म्हणाले. इंग्रजांना वेल्समध्ये आम्ही अजून सॅक्सनच म्हणतो. पण जीभ नाही दिली त्यांना."

"अरबांनी आम्हाला कुठं रेटलंच नाही. शेतं आमची, कारकून आमचे. ते बाजूला छावणी टाकून राहिले आणि शेतसारा घेत बसले."

"मग भाषा गेली कशी?"

"सरकारी दफ्तर अरबीत झालं. नोकऱ्या हव्या होत्या."

"एवढ्यासाठी?"

"तुम्हाला डोंगर तरी होता. आमच्याकडे नदीकाठ सोडला की वाळवंट."

नेस्टाची मुलगी लुनेड ओल्या केसांनी जिन्यात येऊन उभी राहिली. "कोण जास्त हरलं ते ठरलं का एकदाचं? मी उद्यापासून कामावर जाणार. दिवसभर तुम्हा दोघांनाच सांभाळायचंय त्याला. असंच सांभाळणार?"

नेस्टानं इस्त्री उभी करून ठेवली. बाळ रडतच होतं.

"मी काय वाईट सांगते?" नेस्टाचा आवाज खाली आला. "बापाची स्वतःची भाषा पडू दे की त्याच्या कानावर. येते ना थोडी?"

बिशोयने वैतागून डोळे मिटले आणि चर्चमधलं एक स्तोत्र कॉप्टिकमध्ये धरलं. एकच स्वर लांबवत, वरखाली झुलवत, जगात कसलीच घाई नसल्यासारखं. बाळाचे हुंदके विरत गेले. बापाच्या कॉलरवरची इवलीशी मूठ सुटली.

नेस्टाचे डोळे भरून आले. "बघ, रक्तातच असते ती," ती कुजबुजली. "अर्थ काय रे याचा?"

"मला नुसतं पाठ आहे. पुस्तकात शेजारी अरबीत छापलेला असतो, तेवढाच कळतो."

"मग तो सांग."

बिशोयने अरबी शब्द मनात जुळवले आणि, बाळ उठू नये म्हणून अगदी हळू, सासूला अर्थ सांगितला. इंग्रजीत.