पुढे धावणारी

"अर्ध्यात बसून जाणाऱ्या बाईच्या हाती पोरी देऊ का मी?" हेमराजभाऊ माइकवरच म्हणाले. मांडव हसला.

पांढुर्ण्याच्या मैदानावर मुलींच्या धावण्याच्या वर्गाचं उद्घाटन होतं. हेमराजभाऊ क्रीडा समितीचे अध्यक्ष. अध्यक्षपद सोडलं तर आयुष्यात ते कशाच्याही मागे धावले नव्हते. गाडीतून उतरून स्टेज चढेपर्यंतच त्यांना धाप लागली होती. शिकवायला त्यांनी पुतण्या नेमला होता, प्रफुल्ल. त्याचा खेळाशी संबंध एवढाच, की त्याचं टी-शर्टांचं दुकान होतं.

तिसऱ्या रांगेत आईशेजारी अश्विनी उभी होती. जवळच्याच तिगावची. धावणं हाच तिचा पेशा. मोठ्या मॅरेथॉनमध्ये ती पेसर असे. ठरलेल्या वेगानं सगळ्यांच्या पुढे धावायचं, मागच्यांना तो वेग द्यायचा आणि तीस किलोमीटरवर बाजूला व्हायचं. गावानं एकदा टीव्हीवर तिला सर्वांत पुढे पाहिलं आणि फटाके आणले. मग ती रस्त्याच्या कडेला थांबलेली दिसली. फटाके परत गेले आणि अश्विनीचं नाव 'अर्धी मॅरेथॉन' पडलं. तिनं कामाचं स्वरूप समजावून सांगितलं, तेव्हा हेमराजभाऊ म्हणाले होते, "म्हंजे वरातीतली घोडी. लगन दुसऱ्याचं."

आज ती पुन्हा म्हणाली, "भाऊ, पोरींले मी शिकवतो. फुकट शिकवतो. आजच्या पाहुण्या मॅडम जितल्या ना, त्या शर्यतीत मीच पेसर होतो."

"येऊन राहिल्या मॅडम. विचारूनच घेऊ."

पाहुणी आली. गायत्री, नाशिककडची, देशातली पहिल्या नंबरची धावपटू. येताना तिनं रांगेतल्या सगळ्यांना नमस्कार केला. अश्विनीलाही केला, इतरांकडे पाहून हसली तशीच तिच्याकडे पाहून हसली आणि पुढे गेली.

हेमराजभाऊंना याहून गोड काही मिळणं शक्य नव्हतं. "पाहा मंडळी, संगं धावली म्हनते, अन् मॅडम हिले ओळखतबी नाहीत!"

या वेळी मांडव पोट धरून हसला. प्रफुल्लनं टाळ्याही वाजवल्या.

"चाल माय," अश्विनी म्हणाली. आईचा हात धरून ती रांगेतून बाहेर पडली आणि मैदानाच्या फाटकाकडे चालू लागली.

"ताई, थांबा." गायत्री खुर्चीतून उठली होती. "तशाच उभ्या राहा. वळू नका."

ती स्टेजवरून उतरून आली. अश्विनीचा डावा खांदा किंचित वर, कोपर बाहेर निघालेलं. गायत्री बघत राहिली.

"शर्यत पहाटेच्या अंधारात सुटली होती," ती म्हणाली. "चेहरा मला दिसलाच नव्हता. तीस किलोमीटर मी फक्त ही पाठ पाहिली. समोरचा सगळा वारा हिनं अंगावर घेतला, म्हणून शेवटी माझ्या पायांत जीव उरला."

हेमराजभाऊंनी घाईघाईनं माइक तोंडाशी नेला. "आमच्याच इकडची लेक हाय, मॅडम. आमी पैलेपासूनच..."

गायत्रीनं वळूनही पाहिलं नाही. पायातल्या सँडल काढून ती अश्विनीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मुलींना तिनं हात केला.

"रांग माझ्यामागे लावा गं. पुढे ताई आहेत."