मामांचा हत्ती

तीस वर्षं पहारेकरीमामा संग्रहालयातल्या मातीच्या हत्तीकडे पाठ करून स्टुलावर बसत होते. त्यांची नजर कायम बघणाऱ्यांच्या हातांवर. "माझ्या हत्तीला कुणाचं बोट लागलेलं नाही," ते छाती फुगवून सांगत. आज संग्रहालयात मुलांचा चित्रकलेचा दिवस होता. पेन्सिली वाटताना मामा बजावत होते, "हात लावायचा नाही!" तेवढ्यात जमिनीवर बसलेली एक चिमुरडी ओरडली, "मामा, याला कुणीतरी हात लावलाय!" मामा गर्रकन वळले. "कुणी? खरं सांगा!" पोरांनी पेन्सिलीसकट हात वर केले. "पोटाखाली बघा ना," चिमुरडी म्हणाली. मामा गुडघे टेकून वाकले. भाजलेल्या मातीत अंगठ्याचा ठसा होता, हत्ती घडवणाऱ्या कुंभाराचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. मामांचा अंगठा आपसूक तिकडे निघाला. "मामा!" चिमुरडीनं डोळे वटारले, "हात लावायचा नाही!" मामांनी हात मागे घेतला आणि स्टूल हत्तीकडे वळवलं.